फोन कुणाच्या नावावर?

(स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'लग्न होऊन परदेशी गेलेल्या मुलींचे प्रश्न'. या विषयावर बोलायला उभं राहिलं की मारहाण, फसवणूक, पासपोर्ट काढून घेणं, टाकून देणं इथूनच सुरुवात होते. ते सगळं आहेच, आणि आपल्यापैकी अनेकींकडे अशा मुलींच्या आया येऊन बसलेल्या आहेत. पण मी आज एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीवर बोलणार आहे. तिथे फोन आणि इंटरनेट केवढ्याला पडतं, आणि ते कुणाच्या नावावर असतं?

न्यू जर्सीमध्ये एडिसन, आयसलिन हा भाग सगळा आपल्या लोकांचा. साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, वडापाव, सगळं मिळतं. तिथल्या एका केंद्रात मी सहा वर्षं काम केलं. केंद्रात येणाऱ्या बाईला पहिल्याच भेटीत आम्ही तीन गोष्टी विचारत असू. आज घरी परत जाणं सुरक्षित आहे का? मुलं कुठे आहेत? आणि तुमचा फोन कुणाच्या नावावर आहे? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर एकच असे : "ह्यांच्या."

आता याचं कारण प्रत्येक वेळी नवऱ्याचा दुष्टपणा हेच असतं, असं मी म्हणणार नाही. कारण बरंचसं दरांच्या रचनेत आहे, आणि ते समजून घेतलं नाही तर आपण नुसतंच हळहळत बसू.

आपल्याकडे २०१६ साली जिओ आल्यापासून डेटा इतका स्वस्त झाला की जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवल्यावरही तीनशे-साडेतीनशे रुपयांत महिनाभराचं काम भागत होतं. अमेरिकेत मोठ्या कंपन्या तीनच : व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. चौथी स्प्रिंट होती, ती २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झाली. यांच्याकडे एकट्या माणसाने महिन्याच्या बिलाची, हवा तेवढा डेटा असलेली लाइन घेतली तर साठ, सत्तर, ऐंशी डॉलर सहज जातात. वर कर निराळे. पण एकाच खात्यावर चार लाइनी घेतल्या की दर लाइनीचा भाव जवळजवळ निम्म्यावर येतो. यालाच फॅमिली प्लॅन म्हणतात. घरात पैसा वाचवायचा म्हणजे सगळ्यांनी एका खात्यात जायचं, आणि खातं कुणाचं? ज्याची नोकरी आहे त्याचं. कारण बिलावरचा फोन द्यायच्या आधी कंपनी तुमची पत बघते, सोशल सिक्युरिटी नंबर मागते. एच-फोर व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलीला कामाची परवानगी नसेल तर तो नंबर मिळतच नाही. २०१५ पासून एच-फोरवरच्या काही जणींना काम करायची परवानगी मिळू लागली. पण ती नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत पोचलेलं असेल तरच. नवी लग्न होऊन गेलेली मुलगी त्यात बहुधा बसत नाही.

म्हणजे बघा, इथे इंजिनिअर असलेली, स्वतःच्या पगारावर स्वतःचा फोन वापरलेली मुलगी विमानातून उतरते आणि चौथी लाइन होते. कधी दिराच्या नंतरची पाचवी.

यातून काय होतं? ज्याच्या नावावर खातं, त्याला कुठल्या लाइनवरून कुठल्या नंबरला किती मिनिटं फोन झाला ते दिसतं. एखादी लाइन तो घरबसल्या थांबवू शकतो. आमच्याकडे साताऱ्याकडची एक मुलगी आली होती. भांडण झालं की नवरा तिची लाइन बंद करायचा, आणि वर म्हणायचा, "घरात वायफाय आहे ना, बाहेर कुणाशी बोलायचंय तुला?" जानेवारीच्या थंडीत मुलाला ढकलगाडीत घालून ती मैलभर लांबच्या सार्वजनिक वाचनालयात चालत यायची, कारण तिथे वायफाय फुकट आणि विचारणारं कुणी नाही. तिथून ती आम्हाला व्हॉट्सअॅपवर फोन करायची. आधी दोन-तीनदा तिने साध्या फोनवरून आम्हाला फोन केले होते. महिन्याचं बिल आलं तेव्हा नवऱ्याने आमच्या नंबरखाली पेनने रेघ ओढून कागद तिच्यासमोर ठेवला. बोलला काहीच नाही. त्यानंतर ती पाच आठवडे आमच्याकडे फिरकली नाही.

नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याचा आग्रह धरला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरली. जमीन, घर, रेशन कुणाच्या नावावर, हे प्रश्न विचारायची सवय आपल्याला चळवळीने लावली. मला वाटतं फोनच्या खात्यालाही आता तोच प्रश्न विचारला पाहिजे. कारण तिथे बँक, मुलांची शाळा, डॉक्टर, सगळ्यांचे सांकेतिक आकडे त्या एका नंबरावर येतात. नंबर गेला की बाई दाराबाहेर राहते.

मग उपाय काय? पैसे नाहीत, पत नाही, नंबर नाही. तरीही स्वतःच्या नावावर फोन मिळतो, आणि तो फॅमिली प्लॅनमधल्या एका लाइनीपेक्षाही स्वस्त पडू शकतो, हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही!

तिथे प्रीपेड आहे. त्याला पतही लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबरही लागत नाही. शिवाय या तीन कंपन्यांचंच जाळं भाड्याने घेऊन चालणाऱ्या लहान कंपन्या आहेत. टेलो, यूएस मोबाइल अशी त्यांची नावं. टॉवर तेच. जाळ्यावर गर्दी झाली की या ग्राहकांचा वेग आधी कमी होतो, त्यांची दुकानं जवळजवळ नसतात, तक्रार फोनवर किंवा चॅटवरच करावी लागते, एवढाच फरक. पण महिना पंधरा डॉलरच्या आसपास, आणि अगदी थोडा वापर असेल तर त्याहूनही कमी पैशांत फोन चालतो. मात्र जाहिरातीतला दर नीट वाचायचा. पुष्कळदा तो तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच असतो, आणि पुढे तोच दर हवा तर वर्षाचे एकदम भरा म्हणतात. हातात दर महिन्याला मोजके डॉलर येणाऱ्या बाईला हे जमणार नाही, तिने महिन्या-महिन्याचाच घ्यावा. काही कंपन्यांची रिचार्ज कार्डं किराण्याच्या मोठ्या दुकानांत रोख पैशांत मिळतात. रोखीचं महत्त्व मी तुम्हाला सांगायला नको. बँकेच्या कागदावर ती खरेदी दिसत नाही.

दुसरं, हप्त्यावर घेतलेला फोन त्या कंपनीलाच बांधलेला असतो. म्हणून मुलीने इथून जाताना स्वतःचा, कुठल्याही कंपनीला न बांधलेला फोन न्यावा. "तिकडे गेल्यावर ह्यांनी नवा आयफोन घेऊन दिला" याचं कौतुक माहेरी फार होतं. मी ते थोडं घाबरतच ऐकते. तिथे २०२२ नंतर आलेल्या बऱ्याचशा आयफोनना सिमकार्डाची जागाच नसते, सगळं ई-सिमवर. आणि त्या फोनचं खातं, पासवर्ड नवऱ्याकडे असले तर ती कुठे जाते तेही त्याला दिसू शकतं. अशा फोनमध्ये गुपचूप दुसरा नंबर घालण्यापेक्षा साधासा वेगळा फोन मैत्रिणीकडे ठेवलेला बरा.

आणि बाळंतपणाला सहा महिने जाणाऱ्या आया! त्यांना तर घरातलं सामानच समजतात. त्यांच्याकडे स्वतःचा प्रीपेड नंबर असेल तर मुलीसाठी तो एक जास्तीचा दरवाजा असतो. आमच्याकडे आलेल्या दोन तक्रारी अशा आयांनीच फोन करून पोचवल्या.

घरच्या इंटरनेटचं काय? त्याला पन्नास ते ऐंशी डॉलर पडतात, आणि पुष्कळ ठिकाणी निवड करायला दुसरी कंपनीच नसते. कोविडच्या काळात सरकारने मदत सुरू केली होती. २०२२ पासून ती महिना तीस डॉलर होती, आणि दोन कोटींहून जास्त कुटुंबं ती घेत होती. संसदेने पुढचे पैसे दिले नाहीत आणि जून २०२४ मध्ये ती बंद पडली. आमच्या केंद्रातल्या किती बायांनी तेव्हा घरचं इंटरनेट तोडलं! न्यूयॉर्क राज्याने मात्र कायदाच केला की कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला पंधरा डॉलरमध्ये इंटरनेट द्यायचं. कंपन्या कोर्टात गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हस्तक्षेप करायला नकार दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा लागू झाला. एटी अँड टीने काय केलं, तर त्या राज्यात घरच्या इंटरनेटची आपली सेवाच बंद केली! भांडवलाची ही मुजोरी आपल्याला नवी नाही. नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या बाईला मात्र या कायद्याचा उपयोग नाही.

म्हणून वाचनालय. पत्ता दाखवला की कार्ड मिळतं, संगणक वापरता येतो, वायफाय आहे. काही वाचनालयं पुस्तकासारखं वायफायचं यंत्रही घरी नेऊ देतात. त्याचा खर्च केंद्राच्या निधीतून करायचं २०२४ मध्ये ठरलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो निर्णय फिरवला गेला. त्यामुळे आपल्या गावच्या वाचनालयात ते मिळतं का, हे विचारावं लागतं.

आता कायद्याकडे येते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत 'सेफ कनेक्शन्स अॅक्ट' झाला, आणि त्याचे नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केले. अत्याचार करणाऱ्याच्या खात्यातून आपली आणि आपल्या ताब्यातल्या मुलांची लाइन वेगळी करून मागण्याचा हक्क या कायद्याने दिला. कंपनीने दोन कामकाजाच्या दिवसांत ते करायचं. नंबर तोच राहतो. खातेदाराची संमती लागत नाही. दंड नाही, फी नाही, नवा करार करायची सक्ती नाही. फोनच्या यंत्राचे हप्ते राहिले असतील आणि यंत्र तिने परत दिलं तर ते हप्ते तिच्या माथी येत नाहीत. एरवी नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला जो पिन लागतो तो खातेदाराच्या हातात असतो. त्यामुळे नंबर सोडावा लागत होता, आणि तो सोडवत नाही म्हणून बायका खात्यात अडकून राहत होत्या.

पुरावा म्हणून पोलिसांचा कागद चालतो, कोर्टाचा संरक्षण आदेश चालतो. पण पोलिसांत जायचं नसेल तर डॉक्टर, परवानाधारक समाजकार्यकर्ती किंवा आमच्यासारखं केंद्र यांचं सही केलेलं प्रतिज्ञापत्रही पुरतं. नवऱ्याला शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. आमच्या एका मैत्रिणीला एका कंपनीच्या दुकानातल्या पोराने "खातेदाराला घेऊन या" असं सांगून परत पाठवलं होतं. त्याला कायदा माहीतच नव्हता. आम्ही छापील नियम घेऊन परत गेलो, तेव्हा मॅनेजरने मुख्य कचेरीला फोन लावला. तिसऱ्या दिवशी लाइन तिच्या नावावर झाली.

यात एक गोष्ट कार्यकर्तीने विसरायची नाही. खातेदाराला कंपनी केव्हा कळवणार आहे, ती तारीख बाईला आधी सांगणं कंपनीवर बंधनकारक आहे. ती तारीख लिहून घ्यायची आणि त्या दिवशी ती कुठे असेल ते आधी ठरवायचं. लाइन वेगळी झाली म्हणजे घर सुरक्षित झालं, असं नव्हे.

याच कायद्यात हेही आहे की हेल्पलाइनला केलेले फोन ग्राहकाला मिळणाऱ्या यादीत दिसता कामा नयेत. पण माझा सल्ला असा की एवढ्यावर विसंबू नका. पहिला फोन वाचनालयातून, शाळेतून, शेजारणीकडून करा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १-८००-७९९-७२३३ असा आहे, तो मुलीला पाठ करायला लावा. फोनमध्ये साठवू नका. आणि जीव धोक्यात असेल तर बंद पडलेल्या, सिम नसलेल्या मोबाइलवरूनही ९११ लागतो. चार्जिंग मात्र हवं. फोन मध्येच तुटला तर पोलिसांना अशा फोनवर उलट फोन करता येत नाही, म्हणून उचलल्या-उचलल्या पत्ता सांगायचा. आम्ही तर बायांना इंग्रजीत पत्ता म्हणण्याची तालीम देत असू.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं की इथून गेलेल्या मुलीचा इथला नंबर ठेवावा का. जरूर ठेवावा. तिच्या स्वतःच्या बँकखात्याचे, आधारचे आकडे त्यावरच येतात, आणि संकटात तिचे इथले पैसे तिला त्यावाचून हलवता येत नाहीत. जाण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्यायचं. तिकडे एसएमएस यायला साधारणपणे पैसे पडत नाहीत. नव्वद दिवस वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, म्हणून रिचार्ज इथून आईने करत राहायचं, आणि मुलीने अधूनमधून त्यावरून एखादा एसएमएस पाठवायचा. आणि ते सिम तिच्याच पर्समध्ये राहील, सासूच्या कपाटात नाही, एवढं निघण्याच्या आदल्या रात्री बघून घ्यायचं.