आरसा, डोळा आणि फळ्यावरचे अक्षर
(वाळूज येथील प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढील भाषण)



वाळूज आणि आसपासच्या गावांतील शाळांची सहल बहुधा देवगिरीच्या किल्ल्यावर जाते. किल्ला जवळ आहे, एका दिवसात पाहून होतो, आणि मुलांना तोफा, खंदक व मिनार पाहण्याची हौस असते. परंतु सहलीहून परतलेल्या मुलांना काय आवडले असे विचारले, तर दहांपैकी आठ जण ‘अंधारी’ असेच उत्तर देतात. खंदक ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे नेणारा, खडकातून कोरलेला तो वाकडातिकडा जिना होय. बाहेरच्या रखरखीत उन्हातून माणूस त्यात शिरला की त्याला पुढची पायरीही दिसत नाही. वटवाघळांचा वास येतो, मुले एकमेकांचे सदरे घट्ट धरतात, आणि वाटाड्याची मशाल किंवा विजेरी हाच काय तो आधार उरतो. शत्रूचे सैन्य याच ठिकाणी आंधळे व्हावे, अशीच ही योजना होती. ज्यांनी ही वाट कोरविली त्यांना प्रकाशशास्त्राचे ग्रंथ ठाऊक असोत वा नसोत, मनुष्याच्या डोळ्याची एक उणीव त्यांनी अचूक हेरली होती.

ही उणीव कोणती? भर दुपारच्या उन्हाचा उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा सुमारे पाव लक्स. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो तो साधारणपणे एक लक्स, असे समजावे. म्हणजे ऊन आणि चांदणे यांत काही लाखपटींचे अंतर आहे, आणि डोळा दोन्हींत काम करतो. हे केवळ बाहुली लहानमोठी झाल्याने साधत नाही. बाहुलीचा व्यास २ मिलिमीटरांपासून ८ मिलिमीटरांपर्यंत वाढला, तरी आत येणारा प्रकाश सोळा पटींनीच वाढेल. उरलेले सर्व काम डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर होते. तेथे दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे साठ लाख. त्या रंग व बारकावे दाखवितात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी सुमारे बारा कोटी. त्यांना रंग कळत नाहीत, मात्र अगदी अल्प प्रकाशही पुरतो. उन्हात या दंडाकार पेशींतील रंगद्रव्य विरून जाते. ते पुन्हा पुरते भरून येण्यास अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. शत्रूला अंधारीत अर्धा तास उभे राहू देण्याची यादवांची इच्छा नसणार, हे उघड आहे.

याचा प्रयोग शाळेतच करावा. जिन्यावर करू नये, तेथे पाय घसरण्याची भीती असते. मुलांना उन्हात उभे करून एक डोळा तळहाताने दहा मिनिटे नीट झाकून ठेवण्यास सांगावे. नंतर वर्गाची दारेखिडक्या लावून त्यांना आत आणावे. झाकलेला डोळा उघडताच त्याला बाके, पेट्या, भिंतीवरचे नकाशे दिसू लागतात. उघड्या राहिलेल्या डोळ्याला काळोखच दिसतो. एकाच मुलाचे दोन डोळे दोन निरनिराळ्या साक्षी देतात, याचे मुलांना मोठे नवल वाटते.

त्या रंगद्रव्यासाठी शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की संध्याकाळ होताच मूल अडखळू लागते, दिवेलागणीनंतर खेळातून अंग काढून घेते, भिंतीला हात लावीत चालते. यालाच रातांधळेपण म्हणतात. भारतात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम चालू झाला. हल्ली ते ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत दिले जातात. शाळेत येणारे मूल त्या वयातून पुढे गेलेले असते. त्याच्यापुरता उपाय म्हणजे शेवग्याचा पाला, पालक, मेथी, गाजर, पपई, आंबा, आणि ज्यांच्या घरी चालतात त्यांच्याकडे अंडी. शेवग्याचे झाड तर पुष्कळांच्या दारीच असते. पण शेंगा तेवढ्या खाऊन पाला शेळीला घालण्याची रीत आहे. म्हणजे या बाबतीत शेळी अधिक शहाणी ठरते.

अंधारीत प्रकाश येऊ नये अशी योजना होती. अजिंठ्यास मात्र तो आत कसा न्यावा हाच प्रश्न होता. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. त्यानंतर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून आणि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेथील चित्रांच्या नकला केल्या. डोंगराच्या पोटात खोलवर कोरलेल्या दालनांत सूर्य सरळ पोहोचत नाही. तेलाचे दिवे लावावेत तर काजळी धरते. म्हणून विजेचे दिवे येईपर्यंत वाटाडे लेण्याबाहेर आरसा धरून ऊन आत फेकीत, आणि आतील माणूस ते पांढऱ्या कापडावर किंवा पत्र्यावर घेऊन भिंतीकडे वळवी. मूळ चित्रकारांनीही असेच केले असावे असा पुष्कळ जाणत्यांचा तर्क आहे. सतराव्या लेण्यात प्रसाधन करणाऱ्या एका राजस्त्रीचे चित्र आहे. तिच्या हातात आरसा आहे. काचेच्या पाठीला चांदीचा लेप देण्याची हल्लीची रीत १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधली. तेव्हा त्या स्त्रीच्या हातातील आरसा घासून चकचकीत केलेल्या धातूचाच असणार. चित्रातील आरसा बाहेरच्या आरशाच्या उजेडात पाहावयाचा, असा हा योग आहे.

येथे चौकस विद्यार्थी विचारील, की आरसा असताना मधे पांढरे कापड कशाला? या प्रश्नात परावर्तनाचा सगळा धडा आलेला आहे. आरशाचा पृष्ठभाग अतिशय सपाट असतो, म्हणून किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात पलीकडे परततो. एका दिशेने आलेले किरण एकाच दिशेने जातात, आणि भिंतीवर डोळे दिपविणारा एक कवडसा पडतो. कापडाचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत असतो. त्यावरही प्रत्येक किरण तोच नियम पाळतो, परंतु जागोजागी पृष्ठाचा कल निराळा असल्यामुळे किरण चहूकडे पसरतात. हा पसरलेला उजेड मऊ असतो व सर्व भिंत सारखी दिसते. वर्गातील प्रत्येक वस्तू प्रत्येक बाकावरून दिसते ती याच कारणाने. सर्व वस्तू आरशासारख्या असत्या, तर वस्तू दिसल्याच नसत्या. जिकडेतिकडे खिडकीचीच प्रतिबिंबे दिसली असती.

मुलांना कवडसा पाडण्याचा खेळ शिकवावा लागत नाही. तो थांबवावा लागतो. त्याचाच उपयोग करून घ्यावा. आरशावर कागद चिकटवून दोन सेंटिमीटरांची चौकोनी खिडकी तेवढी उघडी ठेवावी आणि कवडसा प्रथम जवळच्या भिंतीवर पाडावा. तो चौकोनी दिसेल. मग दहा-पंधरा मीटर दूरच्या, सावलीतल्या भिंतीवर पाडावा. तो गोल होतो! चौकोनी आरशातून गोल कवडसा कसा आला, यावर मुलांना घटकाभर वाद घालू द्यावा. तो गोल म्हणजे सूर्याचीच प्रतिमा होय. दहा मीटरांवर तिचा व्यास सुमारे नऊ सेंटिमीटर असतो. कौलाच्या फटीतून किंवा लिंबाच्या पानांतून जमिनीवर पडणारे गोल ठिपकेही तेच. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी मावळतीला महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसले, त्या वेळी असा कवडसा चंद्रकोरीसारखा कापलेला दिसू शकत होता. दुर्दैवाने शाळा तेव्हा दिवाळीच्या सुटीत होत्या. ग्रहण पाहण्याची ही पद्धत निर्धोक आहे. मात्र आरशात डोकावून सूर्य पाहणे हे सूर्याकडे थेट पाहण्याइतकेच घातक, आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर मारणे हा अपराध समजावा. दृष्टिपटल भाजले तरी दुखत नाही, त्यामुळे मुलास वेळीच कळत नाही.

डोळ्यातून किरण निघून वस्तूला स्पर्श करतात, असे आपल्याकडील नैयायिक मानीत. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे चमकतात, हा त्यांचा एक पुरावा होता. ग्रीकांतही पुष्कळांचे मत असेच होते. इब्न अल्-हैथम (सुमारे ९६५–१०४०) याने उलट बाजू मांडली: प्रखर सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो, अर्थी बाहेरून काहीतरी आत येते. मग बैलाचे वा मांजराचे डोळे मोटारीच्या दिव्यात चमकतात ते का? त्यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. एकदा निसटलेला प्रकाश तो पुन्हा पेशींकडे परतवितो, आणि त्यातलाच काही बाहेर येतो. मनुष्याला हा थर नाही. नैयायिकांनी पाहिले ते खरेच होते; अर्थ मात्र निराळा निघाला.

मनुष्याची बाहुली काळी दिसते, कारण ती एका अंधाऱ्या लेण्याचे दार आहे. आत पाहू जाणाऱ्याचे डोकेच उजेड अडविते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवरून उजेड परावर्तित करून तो बाहुलीत टाकला व त्या काचेतूनच आत पाहिले. पुढे त्या काचेच्या जागी मध्यभागी भोक असलेला आरसा आला. अजिंठ्याचा वाटाडा जे लेण्याशी करी, तेच हे.

या लेण्याच्या आत प्रतिमा उलटी पडते, हे केप्लरने १६०४ साली दाखविले. भिंग डोळ्याच्या आत असले तरी किरण वळविण्याचे जवळजवळ दोनतृतीयांश काम पुढचे पारपटलच करते. विहिरीत बुडी मारून डोळे उघडणाऱ्या मुलाला हे अनुभवाने ठाऊक असते. पाणी डोळ्याला लागले की पारपटलाचे काम जवळजवळ बंद पडते आणि सर्व पुसट होते. सुमारे २४ मिलिमीटर लांबीचा हा गोल एका मिलिमीटरने जरी अधिक लांब झाला, तरी प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते आणि फळ्यावरचे अक्षर वाहून जाते. एवढ्या लहान चुकीपायी एखादे मूल वर्षभर ‘मठ्ठ’ म्हणवून घेते.

अशा मुलाची खूण त्याच्या वहीत सापडते. पुस्तकातून उतरविलेला मजकूर शुद्ध, आणि फळ्यावरून उतरविलेल्या मजकुरात मात्र ‘म’चा ‘भ’, ‘घ’चा ‘ध’, ‘ब’चा ‘व’, ‘प’चा ‘ष’ झालेला, अनुस्वार गळालेले. देवनागरीत एवढ्याशा गाठीवर वा रेघेवर अक्षर बदलते. हे शुद्धलेखनाचे दोष नव्हेत. तांबड्या शाईने ते सुधारत नाहीत. असे मूल डोळे बारीक करते, शेजाऱ्याच्या वहीत पाहते, फळ्याजवळ उगाच घुटमळते, आणि त्याबद्दल बहुधा मारही खाते.

दृष्टी तपासण्याचा तक्ता स्नेलेन याने १८६२ साली केला. निर्दोष डोळ्याला ६ मीटरांवरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखता आले पाहिजे, हे त्याचे माप. अक्षर न येणाऱ्या मुलासाठी इंग्रजी ‘ई’च्या आकाराची चिन्हे असतात, दाते कोणत्या दिशेस आहेत ते त्याने बोटांनी दाखवावे. तपासताना एक एक डोळा स्वतंत्रपणे झाकणे अत्यावश्यक आहे. ज्याचा एक डोळा चांगला व दुसरा अधू आहे, ते मूल कधीच तक्रार करीत नाही, कारण त्याला सर्व काही दिसत असते. पण मेंदू अधू डोळ्याकडील प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो, आणि साधारण सात-आठ वर्षांच्या वयानंतर चष्मा देऊनही ती दृष्टी पूर्ण परत येणे कठीण होते. म्हणून ही तपासणी चौथीच्या शिक्षकापेक्षा पहिली-दुसरीच्या शिक्षकाने अधिक काळजीने करावयाची आहे.

दोष डोळ्यात नसून फळ्यातही असू शकतो. वर्षानुवर्षे पुसून गुळगुळीत झालेला फळा अर्धा आरसा बनतो, आणि खिडकीसमोरच्या कोपऱ्यातील मुलांना अक्षराऐवजी आभाळाची चकाकी दिसते. शिक्षक फळ्यापाशी उभा असतो, म्हणून त्याला ती दिसतच नाही. हल्ली शाळांत आलेल्या मोठ्या काचेच्या पडद्यांचाही हाच दोष आहे. शिक्षकाने आठवड्यातून एकदा शेवटच्या बाकाच्या दोन्ही टोकांस बसून फळा वाचून पाहावा. चकाकी दिसल्यास फळ्याचा कल थोडा बदलावा, खिडकीस पडदा लावावा किंवा फळ्यास नवा खरखरीत रंग द्यावा. चाळिशी ओलांडलेले आणि हजेरीपट हात लांब करून वाचणारे शिक्षकबंधू स्वतःचा चष्माही या निमित्ताने करून घेतील, तर बरे.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते. त्या दिवसापूर्वीच शिक्षकाने तक्त्यावर अडखळलेल्या मुलांची यादी, कोणता डोळा, हे लिहून तयार ठेवावे. जे मूल त्या दिवशी गैरहजर असेल, ते ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेले असो वा घरी धाकट्या भावंडाला सांभाळीत असो, त्याचे नाव यादीच्या शेवटी निराळे लिहावे आणि ते परत आल्यावर त्याला ग्रामीण रुग्णालयात केव्हा नेले, त्याची तारीख त्यापुढे मांडावी.