माहेरचा कागद



आमच्या गटातल्या एका ताईंना ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. जागा ओबीसी महिलेसाठी राखीव. ताई पिशवीभर कागद घेऊन आल्या. सासऱ्यांचा सातबारा, नवऱ्याचा शाळेचा दाखला, दिराचं जातवैधता प्रमाणपत्र. त्यातला एकही कामाचा नव्हता. बाईची जात लग्नानं बदलत नाही, त्यामुळे पुरावा वडिलांकडचा लागतो. चाळीस वर्षं सासरी राबलेल्या बाईला एकदम विचारतात, तुमचे आजोबा कोण? आणि घरातली वंशावळ काढावी तर तिच्यात नुसते मुलगे!

ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद महत्त्वाची धरतात. आता एवढं जुनं कुठं शोधायचं? एकजण म्हणाली, जनगणनेत असेलच की. नाही मिळत. १९४८ च्या कायद्याप्रमाणे घरोघरची माहिती गुप्त राहते, आपल्याला फक्त आकडे दिसतात. वसईकडच्या, गोव्याच्या ख्रिस्ती बहिणींचं जरा बरं आहे. चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरात आईबापांची नावं मिळतात.

आपल्याकडे आहे कोतवाल बुक. म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची वही, गाव नमुना १४. ती बहुतेक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. नकलेसाठी अर्ज करताना गाव, वडिलांचं नाव आणि साल लिहायचं. ताईंना साल कुठं ठाऊक? शाळेत जन्मतारीख १ जून. त्या काळी गुरुजी पोरांना सरसकट १ जूनच लावायचे, माझ्या आईचीही तीच आहे! मग ताईंच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही पाळण्यात होती, तीन महिन्यांची." भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे सप्टेंबर. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तारीख विचारू नका, दुष्काळ, पूर, भूकंप विचारा.

दुसरी जागा म्हणजे फेरफार. माणूस वारला की वारसनोंद होते, त्यात विधवा आणि मुलींची नावं येतात. पुढं बहिणींनी हक्कसोड केला की सातबाऱ्यावरून त्यांची नावं जातात, पण फेरफारात राहतात. आपली आत्या तिथं सापडते. खूप जुने कागद मोडीत असतील, तर जाणकाराकडून वाचून घ्यावे लागतात.

तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला कारकुनानं वही उघडली. सप्टेंबर १९६७, ताईंच्या वडिलांचं नाव, जात, आणि पुढं नुसतं 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, मग नाव कुठून येणार? त्यात लग्नात ताईंचं नावही बदललेलं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, भावाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून ही साखळी जुळवावी लागली.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आईचं नाव लिहायचं, असा आपल्या राज्याचा निर्णय आहे. ताईंच्या नातीच्या दाखल्यावर ते आहे.

त्या दिवशी ताई त्या 'मुलगी' शब्दावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ही मीच ना गं?"