एशियाड, मुकादम आणि कलम २३

(जत येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



जतच्या एस.टी. स्टँडवर कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, एशियाड म्हंजे काय? तो सांगेल, गाडी. लाल डब्यापेक्षा तिकीट जास्त, सीट मऊ, थांबे कमी. त्याचं बरोबर आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा खेळाडूंची ने-आण करायला महाराष्ट्राच्या एस.टी.नं निमआराम गाड्या दिल्लीला धाडल्या. खेळ उरकले, गाड्या परत आल्या, नाव चिकटून राहिलं ते राहिलंच.

पण त्या एशियाडातनं आणखी एक चीज निघाली. ती अजून आपल्या स्टँडवर उतरलेली नाही. आज तिच्याबद्दलच बोलायचंय.

खेळाशी आपलं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये कुस्तीचं सोनं मारलं, ते ह्याच सांगली जिल्ह्याचे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ साली हांगझोऊला तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सोनं आणलं. दुष्काळी माळावरची पोरं धावतात, तेव्हा आपली छाती फुगणारच. माझा सवाल वेगळाय. मैदानात कोण धावलं हे पेपरात छापून येतं. ते मैदान बांधलं कुणी?

१९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२. तेहतीस देश. जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थाचं इनडोअर स्टेडियम, तालकटोऱ्याचा पोहण्याचा तलाव, सिरी फोर्टला खेळाडूंचं गाव, वर उड्डाणपूल. सगळं कमी वेळात, रात्रंदिवस. त्याच वर्षी देशात रंगीत टी.व्ही. आला. भारताला १३ सुवर्णपदकं धरून ५७ पदकं मिळाली. अप्पू हत्ती घरोघरी पोचला. आणि त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईच्या गिरण्यांचा संप चालू होता. अडीच लाख कामगारांच्या चुली थंड पडल्या होत्या. एका शहरात फटाके, दुसऱ्या शहरात उपास. देश एकच.

आता मजूर बघा. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसातनं माणसं आणलेली. आणली कुणी? जमादारानं. जमादार हा शब्द तुम्हाला परका वाटेल, पण माणूस ओळखीचा आहे. आपल्याकडं त्याला मुकादम म्हणतात. तोच उचल देतो, तोच टोळी जमवतो, तोच हिशेब ठेवतो, आणि हिशेबाच्या वहीत अंगठा तेवढा आपला असतो.

तेव्हा दिल्लीत किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार पैसे मजुराच्या हातात देत नव्हता, जमादाराच्या हातात देत होता. जमादार डोक्यामागं एक रुपया कमिशन कापायचा. मजुराला उरायचे ८ रुपये २५ पैसे. बाईला मिळायचे सात. घमेलं तेवढंच, ऊन तेवढंच, शिडी तेवढीच. बाई म्हणून आणखी सव्वा रुपया गायब. आणि चौदा वर्षांखालची पोरं कामाला लावलेली होती. ज्या वयात पळायचं, त्या वयात दुसऱ्यांना पळण्यासाठी ट्रॅक बांधायचा.

लोकशाही हक्कांसाठी झगडणारी पी.यू.डी.आर. ही दिल्लीची संघटना. तिनं तीन अभ्यासकांना साइटवर धाडलं, अहवाल करून घेतला आणि न्यायमूर्ती भगवतींना एक पत्र लिहिलं. पत्राचीच याचिका झाली. समोर भारत सरकार, दिल्ली प्रशासन आणि दिल्ली विकास प्राधिकरण. सरकारचं म्हणणं काय होतं? ही माणसं आमची नव्हेत, ठेकेदाराची आहेत. मजुरीचा कायदा मोडला असला, तरी त्यात मूलभूत हक्काचा भंग कुठं आला? आणि ही संघटना कोण मधे बोलणारी?

१८ सप्टेंबर १९८२. ज्योत पेटायला दोन महिने उरलेले. सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. तीन गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

एक. ठेकेदार मधे घातला म्हणून सरकार सुटत नाही. काम सरकारचं, तर कायदा पाळला जातोय का ते बघायची जबाबदारी सरकारची.

दोन. बांधकाम हे धोक्याचं काम आहे. कलम २४ प्रमाणं चौदा वर्षांखालचं पोर तिथं दिसता कामा नये. दुसऱ्या कायद्याच्या यादीत बांधकामाचं नाव नव्हतं, ही सबब कोर्टानं ऐकली नाही.

तीन. हे सगळ्यात मोठं. कलम २३ वेठबिगारीला बंदी करतं. वेठ म्हंजे काय? पाठीवर चाबूक असला तरच वेठ? कोर्ट म्हणालं, भूक हीसुद्धा जबरदस्ती आहे. किमान मजुरीपेक्षा कमी पैशात माणूस राबतो तो हौसेनं राबत नाही, पोट त्याला ढकलतं. म्हणून किमान मजुरीपेक्षा कमी देऊन घेतलेलं काम म्हंजे वेठ. आणि हे कलम नुसत्या सरकारला बांधत नाही, खाजगी मालकालाही बांधतं.

वेठ हा शब्द आपल्याला डिक्शनरीत शोधावा लागत नाही. गावाची सांगावा-दवंडी, मेलेलं ढोर, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचं आणि बलुत्यावर गप बसायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं, ते ह्याच जोखडावर घाव घालायला. वतन गेलं १९५८च्या कायद्यानं. त्याआधी संविधानात कलम २३ आलं होतं. म्हंजे आमच्या आज्यानं भोगलेली वेठ आणि नेहरू स्टेडियमच्या पायातला मजूर एकाच कलमात भेटले. हे जोडकाम कोर्टाच्या कागदावर आहे, आपल्या डोक्यात अजून नाही.

आता जतला या. चार महिन्यांनी, जानेवारी १९८३मध्ये, राजस्थानातल्या दुष्काळी कामाची केस आली. संजित रॉयची. सरकार म्हणालं, हे दुष्काळाचं मदतकार्य आहे, मजुरी कमी दिली म्हणून काय झालं? कोर्टानं एशियाडचाच निकाल पुढं ठेवला. दुष्काळ म्हणून कुणी माणसाची किंमत कमी करू शकत नाही. किमान मजुरी द्यायचीच.

१९७२च्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली. किती ब्रास फोडली ते तिला बोटांवर पाठ होतं, मस्टरवर किती लिहिली ते तिला कधी कळलं नाही. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली आपल्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात विसापूरला वि. स. पाग्यांनी केला. कायदा झाला १९७७ साली. काम मागायचा हक्क सांगलीच्या मातीतनं निघाला. त्या कामाच्या पुऱ्या दामाचा हक्क एशियाडच्या सिमेंटमधनं निघाला. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

निकालानं जग बदललं असं मी म्हणणार नाही. २०१० साली त्याच दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. पुन्हा मजुरी बुडाली. वर आणखी एक कमाल. अनुसूचित जातींच्या घटक योजनेचा पैसा, आपल्या पोरांच्या वस्तीगृहाचा, वस्तीतल्या नळाचा पैसा, शेकडो कोटी रुपये स्पर्धेच्या कामांकडं वळवलेले निघाले. माहितीच्या अधिकारात कागद बाहेर आले, तेव्हा गृहमंत्री चिदंबरम यांना राज्यसभेत ही चूक कबूल करावी लागली. १९८२ साली आपला रुपया जमादारानं कापला होता. २०१० साली बजेटानंच कापला.

आणि आता? २६ नोव्हेंबर २०२५ला ग्लासगोत ठरलं, २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला. तारीख बघा, संविधान दिन. त्याच्या पाच दिवस आधी, २१ नोव्हेंबरला, चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. किमान वेतनाचा १९४८चा, स्थलांतरित मजुरांचा १९७९चा, असे जुने कायदे त्यात गेले. कायद्यांची नावं बदलतात, कलमांचे नंबर बदलतात. संविधानातलं कलम २३ मात्र जागच्या जागी आहे.

स्टेडियमं उभी राहतील. मजूर लागतील. पाऊस दगा देणाऱ्या तालुक्यात मुकादमाची जीप नेहमी वेळेवर येते. ऊसतोडीला आली, वीटभट्टीला आली, उद्या अहमदाबादसाठीही येईल.

म्हणून घोषणा नंतर, आधी काम. गावातनं टोळी निघाली की नावांची यादी आपल्याकडं पाहिजे. कुठं चालले, कुणाबरोबर, उचल किती, रोज किती. मजुरी ज्याची त्याच्या खात्यात, बाईची बाईच्या खात्यात. बांधकाम मजुराची मंडळात नोंद. चौदाच्या आतलं पोर जीपमध्ये दिसलं तर जीप हलू द्यायची नाही. आणि कुणाचा रुपया कापला गेला तर पत्र लिहायचं. १९८२चा निकाल एका पत्रातनं निघाला होता. पत्र लिहायला वकील लागत नाही, हिशेब लागतो.

तो हिशेब ठेवणारी वही आजपासून तुमच्या हातात असू द्या. मुकादमाच्या हातात ती फार वर्षं राहिली.

जय भीम.