उसनं नाव



इफिस हे प्राचीन शहर आजच्या तुर्कस्थानात, सेल्चुकजवळ. पहिल्या शतकात ते अर्तमी देवीच्या भव्य मंदिरासाठी गाजलेलं होतं, आणि मंत्रतंत्रासाठीही. अर्थ न लागणारी काही अक्षरं ताईतासारखी अंगावर बाळगली की बाधा होत नाही, असा समज होता. ‘इफिसची अक्षरं’ म्हणून त्यांची ख्याती दूरवर होती.

अशा शहरात येशूची सुवार्ता सांगणारा प्रेषित पौल आला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात पुढचा प्रसंग आहे. पौलाच्या हातून घडणारी अद्भुत कृत्यं पाहून स्किवा नावाच्या यहुदी मुख्य याजकाचे सात मुलगेही, पौल सांगतो त्या येशूच्या नावानं, दुरात्मे काढू लागले. एकदा दुरात्म्यानंच त्यांना उलट सवाल केला: येशूला आणि पौलाला तर आपण ओळखतो, पण हे कोण? मग त्या बाधित माणसानं त्यांच्यावर अशी झडप घातली की ते उघडेनागडे, घायाळ होऊन घराबाहेर पळाले.

आत्मिक अधिकाराविषयीची ख्रिस्ती शिकवण मला या प्रसंगाइतकी स्वच्छ क्वचितच दिसते. नाव तेच होतं, उच्चारही चुकला नव्हता. पण येशूचं नाव हा मंत्र नव्हे. जो येशूच्या स्वाधीन झाला, त्यालाच त्याच्या नावानं बोलता येतं. इफिसच्या लोकांना हे उमगलं. त्यांनी जादूटोण्याच्या पोथ्या आणून सर्वांदेखत जाळल्या. त्यांची किंमत भरली चांदीची 50,000 नाणी, आणि असं एक नाणं म्हणजे साधारण मजुराची दिवसाची मजुरी.

पुढे तुरुंगातून इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल देवाची शस्त्रसामग्री धारण करायला सांगतो. पण त्याआधी तो बजावतो की हे झगडणं हाडामांसाच्या माणसांशी नाही. नेमकं हेच विसरलं जातं. कुणाचं मन आजारी असतं, कुणा सुनेचं सासरी पटत नसतं, आणि अशा माणसातच सैतान आहे असं ठरवून सगळे मोकळे होतात. हा अन्याय आहे, आणि तो प्रभूच्या नावानं होतो याचं मला फार दुःख होतं. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यावं, त्याच्यासाठी प्रार्थनाही करावी.

सैतानाला थारा कुठे मिळतो, तेही त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे: सूर्य मावळला तरी न सोडलेल्या रागात. ताट सरकवून उठलेला नवरा, भिंतीकडे तोंड करून पडलेली बायको, दोघांपैकी कुणीच आधी बोलायला तयार नाही. लढाई तिथे चालू असते. कमरेला सत्य, छातीवर नीतिमत्त्व, पायांत शांतीच्या सुवार्तेची तयारी, ही सामग्री त्याच घरात लागते. तलवार एकच, देवाचं वचन. आणि ती चुलतभावावर किंवा शेजाऱ्यावर उगारण्यासाठी दिलेली नाही.

एवढं सांगून बेड्यांत असलेला पौल स्वतःसाठी प्रार्थना मागतो. सुटकेसाठी नव्हे, सुवार्ता धैर्यानं सांगता यावी म्हणून.