जुन्या गणेशपट्टीविषयी दोन शब्द
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



नवा गाभारा पाहून समाधान वाटले. मी बोलणार आहे ते मंडपामागे टेकून ठेवलेल्या जुन्या सागवानी गणेशपट्टीविषयी. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने तिचा भाव सांगितला आहे; बांधकाम अजून बाकी आहे, पैसा हवाच.

पण पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण पाहा. कोरीव दरवाजे, खिडक्या, दिवे, अडकित्ते हा गृहस्थ आयुष्यभर गोळा करीत हिंडला. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभारला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव दिलेला तो सारा संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तिथे तिकीट काढून आपण जे पाहतो, तशाच घडणीची वस्तू इथे ताडपत्रीखाली पडली आहे!

चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हाची पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात अजून आहे. ती धातूची, टिकली. लाकडाला खाडीची दमट हवा आणि वाळवी पुरते.

म्हणून पट्टी ओल्या सिमेंटात बसवू नये, ऑइलपेंट तर मुळीच फासू नये. रंगाच्या बाबतीत आपला हात जरा सैलच आहे. मऊ ब्रशाने झाडून, सभामंडपात भिंतीपासून चार बोटे सुटी, पितळी पट्ट्यांवर लावावी. लोखंड इथे गंजते. व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम मी आजच भरतो. पावती गणेशपट्टीच्या नावे फाडावी.