तिसऱ्या पायरीवरील पहिला

उंच उडीच्या स्पर्धेचें एक वैशिष्ट्य असें, कीं तींतील विजेताही बहुधा अपयश पदरीं घेऊनच मैदान सोडतो. धावण्याच्या शर्यतींत पहिला येणारा फीत तोडून थांबतो. येथें मात्र आडवी दांडी चढतच जाते. लागोपाठ तीन प्रयत्न चुकले कीं खेळाडू बाद होतो आणि शेवटीं एकटा उरलेलाही अखेर दांडी पाडूनच परततो. कोण किती उंचीवर थांबला, एवढाच काय तो प्रश्न. रिओ दि जानेरो येथें २३ मे १९३१ रोजीं जन्मलेला जोझे तेलेस दा कोन्सेसांव १ मीटर ९८ सेंटिमीटरवर थांबला. तेवढ्यानेंच ब्राझीलच्या क्रीडेतिहासाचें एक नवें पान उघडलें.

१९५२ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथें ऑलिंपिक सामने भरले. तोंपर्यंत ब्राझीलनें नेमबाजींत १९२० सालीं व बास्केटबॉलमध्यें १९४८ सालीं पदकें मिळविलीं होतीं. परंतु धावणें, उड्या मारणें, भाला-गोळा फेंकणें या मैदानी खेळांत त्या विशाल देशाची पाटी कोरीच होती. उंच उडीची अंतिम फेरी २० जुलै रोजीं झाली. पाठीवर पडून दांडी ओलांडण्याची पद्धत जगासमोर यावयास अद्याप सोळा वर्षें अवकाश होता. आजच्यासारख्या जाड गाद्याही तेव्हां नव्हत्या. उडी घेणाऱ्यास उतरतांना आपलें अंग आपणच सांभाळावें लागे.

अमेरिकेच्या वॉल्ट डेव्हिस यानें २ मीटर ४ सेंटिमीटर उडी घेऊन सुवर्णपदक जिंकलें. बालपणीं पोलिओनें पछाडलेल्या या माणसाचा पराक्रम स्वतंत्रपणें सांगण्याजोगा आहे. त्याचाच देशबंधु केन विझनर २ मीटर १ सेंटिमीटरवर दुसरा आला. तिसऱ्या स्थानासाठीं मात्र पेंच पडला. स्वीडनचा ग्योस्टा स्वेन्सन आणि एकवीस वर्षांचा तेलेस या दोघांचीही उंची १ मीटर ९८ सेंटिमीटरच भरली. अशा वेळीं कोणाचे प्रयत्न कमी वेळां फसले याचा हिशेब होतो. तो तेलेसच्या बाजूनें लागला. उंचींत तिळमात्र अंतर नसतांना एकाला पदक मिळालें व दुसरा रिकाम्या हातीं परतला!

पण या यशाला घरीं मिरवावयास अवधि मिळाला अवघा तीन दिवसांचा. २३ जुलै रोजीं आदेमार फेरेइरा दा सिल्व्हा या ब्राझीलच्याच खेळाडूनें तिहेरी उडींत १६ मीटर २२ सेंटिमीटर अंतर तोडून सुवर्णपदक पटकावलें. एकाच दुपारीं जुना जागतिक विक्रम त्यानें चार वेळां मागें टाकला. अशा सूर्योदयापुढें कांस्याचा दिवा फिका पडला, यांत नवल नाहीं.

योगायोग असा, कीं त्याच २३ जुलै रोजीं त्याच नगरींत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्याच्या बळावर जिंकलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशीं भारतीय हॉकी संघानें सुवर्णपदक जिंकलें. एकाच आठवड्यांत, पृथ्वीच्या दोन टोकांच्या दोन देशांत, सोन्याच्या झळाळींत कांस्य असें झांकलें गेलें.

तेलेसचा पुढील क्रम अधिकच नवलाचा आहे. ज्या खेळानें नांव दिलें त्यालाच तो चिकटून राहिला नाहीं. १९५६ सालीं मेलबर्न येथें तो दोनशें मीटर धावण्याच्या अंतिम फेरींत पोंचला व सहावा आला. उंच उडीला लागणारी उसळी आणि वेगवान धांव हे दोन्ही गुण एकाच देहीं जागतिक दर्जाचे असणें विरळा! १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्येंही तो धावपटू म्हणून उतरला. १९७४ सालीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

२०२४ पर्यंतच्या ऑलिंपिकांत दक्षिण अमेरिकेंतील दुसऱ्या कोणाही स्त्री-पुरुष खेळाडूला उंच उडींत पदक मिळालेलें नाहीं. त्या तीन दिवसांत झांकोळलेल्या कांस्याचें खरें मोल यांत आहे. विक्रम पुढच्याला मोडतां येतो. पहिलेपण मात्र कोणासही हिरावून घेतां येत नाहीं. सुवर्णाचा जयजयकार अवश्य व्हावा. पण कोऱ्या पाटीवर पहिलें अक्षर कोणी लिहिलें, हें शाळेंतील मुलांना सांगण्याची जबाबदारी प्रत्येक देशानें आठवणीनें पाळली पाहिजे.