उष्टावणानंतरचे दीड वर्ष

(पोषण सप्ताहानिमित्त एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्याकडे मूल सहा महिन्यांचे झाले की त्याचे उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बाळाला बसवून वाटीतली खीर त्याच्या ओठांना लावली जाते. शास्त्रात यालाच अन्नप्राशन म्हटले आहे. आता आईचे दूध एकटे पुरणार नाही, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते आणि आजचे पोषणशास्त्रही नेमका हाच महिना सांगते. माझा प्रश्न उष्टावणाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. त्यानंतरचे दीड वर्ष त्या बाळाच्या वाटीत काय पडते? कुपोषणाविषयीच्या सरकारी धोरणाचे यशापयश या एका प्रश्नावर ठरते.

कुपोषण म्हटले की आपल्याला मेळघाट आठवतो. १९९३मध्ये धारणी-चिखलदरा भागातील कोरकू बालकांच्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर समित्या आल्या, दौरे झाले, उच्च न्यायालयाने शासनाला वेळोवेळी जाब विचारला. परंतु मृत्यू हे या संकटाचे दिसणारे टोक आहे. जे मूल जगते, पण ज्याची उंची आणि बुद्धी खुंटते, त्याची बातमी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वयाच्या मानाने उंची कमी असलेली पाच वर्षांखालील बालके २००५-०६मध्ये ४८ टक्के होती. २०१९-२१मध्ये ती ३५.५ टक्के झाली. सुधारणा आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही दर तीन बालकांमागे एकाहून अधिक बालके खुजी राहावीत, हे स्वतंत्र राष्ट्राला शोभणारे नाही.

धान्याच्या बाबतीत देशाने मोठी मजल मारली. डिसेंबर २०००मध्ये अटलजींच्या सरकारने अंत्योदय अन्न योजना आणली. २०१३मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला आणि जानेवारी २०२३पासून या कायद्याखालील धान्य मोफत मिळू लागले. मग पोते घरात आले, तरी बाळ का वाढत नाही? याचे कारण असे की सात महिन्यांचे मूल पोत्यातून जेवत नाही. त्याचे पोट त्याच्या मुठीएवढे. त्याला दिवसातून अनेक वेळा मऊ, दाट, तूप-तेल घातलेले, डाळ, भाजी, दूध वा अंडे असलेले अन्न भरवावे लागते. त्यासाठी घरात वेळ असलेली व्यक्ती लागते. पहाटे मजुरीला जाणाऱ्या आईजवळ तो वेळ नसतो.

याच सर्वेक्षणातील तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात. तरीही जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळणारी बालके केवळ ४१.८ टक्के आहेत. आणि सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी अवघी ११.३ टक्के. इमारती उभ्या राहिल्या, पण घरातील वाटीपर्यंत शासन पोहोचले नाही. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत जी वाढ चुकते, ती पुढे फारशी भरून निघत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या अंगणवाडीने देशाची मोठी सेवा केली आहे. परंतु अंगणवाडीत चालत येते ते तीन वर्षांवरचे मूल. त्याहून लहान बाळ घरी असते आणि त्याच्या वाट्याला घरपोच आहाराचे पाकीट येते. ते पाकीट सगळ्या घरात वाटले जाते आणि बाळाच्या वाट्याला चमचाभर उरते. सेविकेला शाळापूर्व वर्ग, वजने, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरील माहिती सांभाळायची असते. मग घरोघरी जाऊन आईजवळ बसायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर इतरांनी शोधले आहे. थायलंडमध्ये १९८२च्या सुमारास निम्म्याहून अधिक बालकांचे वजन कमी होते. तेथे साधारण दहा घरांमागे एक ग्रामस्वयंसेवक नेमण्यात आला. वजन घेणे, आईशी बोलणे आणि गावातच पूरक आहार तयार करणे ही कामे गावाने उचलली. १९९०च्या आसपास हे प्रमाण पाचव्या हिश्श्यापर्यंत खाली आले. आपल्या तमिळनाडूनेही १९८०पासून तीन वर्षांखालील बालकांवरच लक्ष केंद्रित करणारा प्रकल्प राबवला आणि त्यासाठी स्वतंत्र पोषणसेविका दिली. महाराष्ट्राने २००५मध्ये राजमाता जिजाऊ मिशन आरंभले. २००५-०६मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे ३९ टक्के बालके खुजी होती. २०१२च्या पाहणीत ती २३ टक्क्यांवर आली. परंतु पुढे वेग टिकला नाही. पाच वर्षांखालील बालकांत २०१५-१६मध्ये ३४.४ टक्के असलेले प्रमाण २०१९-२१मध्ये ३५.२ टक्के आढळले.

म्हणून शासनाकडे तीन मागण्या कराव्यात. प्रत्येक अंगणवाडीला केवळ गृहभेटींसाठी दुसरी सेविका द्यावी. कोरड्या पाकिटाऐवजी गावातील महिलांनी शिजवलेले ताजे अन्न द्यावे. वनवासी भागात २०१५पासून सुरू झालेल्या अमृत आहार योजनेने त्याची वाट दाखवली आहे. आणि स्थलांतरित कुटुंबाबरोबर बाळाची नोंदही प्रवास करावी. शिधापत्रिका आज देशभर चालते. बाळाची नोंद मोबाइलवर असली, तरी वीटभट्टीवर जाऊन त्याला शोधणारा माणूस लागतो.

आणि तो माणूस नेहमी सरकारी नोकरच असला पाहिजे का? मित्रहो, आपल्या वसाहतीशेजारी इमारतीचे काम चालू असेल. तेथे वाळूच्या ढिगावर खेळणारे वर्षाचे मूल आपण रोज पाहतो. त्याचे वजन शेवटचे कधी झाले, जवळची अंगणवाडी कोणती, हे विचारायला कोणत्या अध्यादेशाची गरज आहे? आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचे बाळ दुपारी काय खाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अंडे द्यावे की केळे, या वादात आपण पुष्कळ शक्ती घालवली. ज्या घरात जे चालते ते त्या बाळाला मिळावे, एवढे पुरे.

प्रत्येक कार्यकर्त्याने एका आईची आणि एका बाळाची जबाबदारी दुसऱ्या वाढदिवसापर्यंत घ्यावी. महिन्यातून दोनदा जावे, वजनाचा तक्ता पाहावा, अडचण ऐकावी, अंगणवाडीशी गाठ घालून द्यावी. यात भाषण नाही, छायाचित्र नाही. उष्टावणाच्या दिवशी ती वाटी भरलेली असते. पुढचे दीड वर्ष ती भरलेली राहील, एवढे आपण पाहू या.